दाजींनी पाहिलेला राक्षस

कळस, ता. इंदापूर
१२ मार्च १९५५

प्रिय मोहन,

तू डॉक्टर, म्हणून तुझं ऐकलं. तुझ्या दाजींना देवऋष्याकडं नेलं नाही. ब्रह्मदेशातल्या लढाईवरून येऊन त्यांना नऊ वर्षं झाली, पण तिथलं अक्षर कधी तोंडातून निघालं नव्हतं. ते निघालं एका सिनेमामुळं.

इंदापूरला तंबूत इंग्रजी सिनेमा आला होता. भाजून विद्रूप झालेला माणूस राक्षस होतो, माणसं मारत सुटतो. शेवटी स्वतःच्या घरी येतो, तर बायको त्याच्या तोंडावर दार लावते. लोकांना हायसं वाटलं. दाजी मात्र हमसून रडत होते. पुढं चार दिवस ते एकटेच जाऊन तोच सिनेमा बघत राहिले.

तू कळवलंस, त्या राक्षसाबद्दलच विचार आणि मग गप्प बस. वांगी तोडताना मी विचारलं. पहिल्या दिवशी म्हणाले, "त्यो मुळात वाईट न्हाय." दुसऱ्या दिवशी नुसती वांगी तोडत राहिले. तिसऱ्या दिवशी पाटी खाली ठेवली. "ब्रह्मदेशात आमच्या झोपडीला आग लागली. माझ्या पलटणीतला म्हस्कू जखमी हुऊन आत पडला हुता. मी भ्यालो. बाहीर पडलो आन् दार वढून घेतलं. त्यो आतनं हाका मारत हुता." मी गप्प राहिले. त्या दिवशी ते पोटभर जेवले. मला वाटलं, सुटले.

आज सकाळी शेजारच्या रावजींनी उसाचं पाचट पेटवलं. धूर दिसताच दाजी त्यांच्या घरात शिरले आणि "म्हस्कू, चल" म्हणत रावजींच्या म्हाताऱ्या आईला फरफटत बाहेर आणलं. म्हातारीचा हात मोडला. रावजी चार माणसं आणि दावी घेऊन आले. हे लोक जीव घेतील, या भीतीनं मी दाजींना आतल्या खोलीत ढकललं, बाहेरून कडी घातली. माणसं अंगणात बसून आहेत.

दाजींनी आधी दारावर थापा मारल्या. मग हाका सुरू केल्या. माझ्या नावानं नव्हे, स्वतःच्याच. "मानसिंग, दार उघड." तासभर तेच चाललं होतं. आता आवाज नाही.

मागच्या आळीतली ठमाबाई एस.टी.नं तुझ्या बारामतीला निघालीय, पत्र तिच्याजवळ देते. मिळताच नीघ. पण तू येईपर्यंत मी थांबणार नाही. ठमाबाई गेली की मी कडी काढून त्यांच्याजवळ जाऊन बसणार आहे. ते मला ओळखतील की नाही, ठाऊक नाही. मला काही झालं, तर दार मी माझ्या मनानं उघडलं होतं, एवढं तू गावाला सांग.

तुझीच,
सिंधूताई