बाबांचा उजवा गुडघा

प्रिय ठमे,

फोन असताना आई पत्र काय लिहीत बसली, असं वाटेल तुला. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि हे तोंडाने सांगणं मला जमणारही नाही. तेव्हा शेवटपर्यंत वाच आणि लगेच फोन करू नकोस. केलास तरी मी उचलणार नाही.

आधी सहलीचं. तुझा पहिला बेत मी छापून घेऊन दुकानात शिलाई मशीनच्या वर चिकटवलाय. युरोपातलं ते जुनं शहर, ज्याचं नाव बाबांना अजून धड उच्चारता येत नाही, मला आता तोंडपाठ झालंय. सकाळी नदीवरचा दगडी पूल, मग घड्याळाचा मनोरा, मग किल्ल्याची चढण, दुपारी जुन्या बाजारातल्या गल्ल्या, आणि खास बाबांसाठी ती न थांबणारी लिफ्ट. पँटची उंची कमी करायला आलेली गिऱ्हाइकं विचारतात, कधी निघताय. मी टाचण्या ओठांत धरून नुसती मान हलवते. टाचण्या तोंडात असल्या की कोणी उत्तर मागत नाही.

मग मी तुला फोनवर सांगितलं की बाबांचा उजवा गुडघा कामातून गेलाय, तेव्हा या वर्षी राहू दे. पण तू पडलीस माझीच मुलगी, हातात घेतलेलं सोडायची नाहीस. आठवड्यात नवा बेत हजर. किल्ला रद्द, पुलावर चाकांची खुर्ची. अगं, त्यांच्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही. लोकांच्या लिफ्ट बंद पडल्या की हत्यारांची पिशवी खांद्याला लावून जिन्याने वर जाण्यात ज्याचा जन्म गेला, तो माणूस आजही आपले मजले चढून येतो आणि वर मलाच विचारतो, दमलीस का.

खोटं मी बोलले, माझ्यासाठी. लाज वाटतेय लिहायला, पण लिहिते. मला लघवी धरवत नाही. शिंकले, हसले, कापडाचा गठ्ठा उचलला, की कपडे ओले होतात. मागे एकदा शाळेतल्या बाईंच्या झग्याची किनार टाचत खाली बसले होते. बाई गमतीजमती सांगत होत्या, मी हसले, आणि झालं. काही सुचेना. शेजारी इस्त्रीच्या वेळी शिंपडायच्या पाण्याची बाटली होती, ती मीच मांडीवर उलटी केली आणि स्वतःला वेंधळी म्हणून घेतलं. बाई बिचाऱ्या स्वतःच्या रुमालाने माझे कपडे टिपायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून गमत्या गिऱ्हाइकांशी मी तुसडेपणाने वागते. लोकांना वाटतं, हिला कामाचा माज आलाय.

उरलेल्या अस्तराच्या घड्या आतून शिवून घेते, रंग सगळे गडद वापरते. म्हणून तू विचारलंस ना, आई, हल्ली सारखी काळ्यात का असतेस. दुसरी कोणी असती तर मी तिला ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं असतं. स्वतः मात्र गेले नाही. तुझा बेत वाचला तेव्हा मला ना पूल दिसला, ना मनोरा. पुलाच्या मध्यावर घाई झाली तर, तीही जावयासमोर, एवढंच दिसलं.

बाबांना यातलं काही माहीत नाही, अशी माझी समजूत होती. संध्याकाळी फिरायला निघालो की त्यांना हल्ली दरवेळी वाचनालयात डोकवायचं असतं. जन्मात पुस्तक न उघडलेला माणूस. मी म्हटलं, लागलं असेल वेड म्हातारपणी. ते दाराशी मासिक चाळत उभे राहतात, तोवर मी गुपचूप मागच्या बाजूच्या संडासात जाऊन येते. माझं नशीबच चांगलं, असं मला वाटायचं. मासिक दरवेळी तेच, मासेमारीचं, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

आणि मग परवा रविवारी तुझा व्हिडिओ कॉल आला. तू गुडघ्याची चौकशी केलीस. यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गुडघा धरला आणि नाटकातल्यासारखं तोंड वाकडं केलं. धरला तो डावा. तुझ्या लक्षात आलं नाही. मग तू हळूच म्हणालीस की ती न थांबणारी लिफ्ट बेतातून काढलीय, चालत्या लिफ्टमध्ये पाय टाकणं बाबांना झेपायचं नाही. तीच ती, ठमे. तुला लहानपणी काड्यापेट्या मांडून दाखवायचे ना, बिनदाराच्या पेट्या एका बाजूने वर जातात, दुसरीकडून खाली येतात, कधीच थांबत नाहीत. कामाला लागले तेव्हापासून त्यांना ती बघायची होती. तर म्हणतात कसे, बरं केलंस, त्यात काय बघायचंय. आणि वर, तुम्ही दोघं आणि आईच जा, मी घरी झाडांना पाणी घालीन. आपल्या घरात एकच झाड आहे आणि ते प्लास्टिकचं आहे.

तू फोन ठेवल्यावर मी विचारलं, कुठला गुडघा दुखतोय नक्की. म्हणाले, तू सांगशील तो. आणि लंगडत चहा ठेवायला गेले. मी तिथेच बसून रडले. एवढी लाज मला बाईंच्या रुमालाचीही वाटली नव्हती.

म्हणून हे पत्र. डॉक्टरीणबाईंची वेळ मी घेतलीय, येत्या आठवड्यात जाते. जावयांना तुझ्या शब्दांत सांग, सांगितल्याचं मला कळवू नकोस. चाकांची खुर्ची रद्द कर. बेत पुन्हा आख, आधी संडास कुठे आहेत ते बघ आणि मग त्यांच्या आजूबाजूला जे जुनंपुराणं असेल ते मला दाखव. पण ती लिफ्ट आधी परत घाल, पहिल्याच दिवशी सकाळी. मी खाली उभी राहीन. ते वर जातील आणि पलीकडच्या पेटीतून खाली येतील, तेव्हा त्यांना दोन्ही पायांवर उतरताना मला बघायचंय. त्यात मला हसू आलं तर येऊ दे, काळे कपडे घालूनच येईन.

तुझीच, बाबांच्या धडधाकट गुडघ्यांची गुन्हेगार,
आई