केळवणाचा टेबलक्लॉथ

॥ श्री ॥
गिरगाव,
१० फेब्रुवारी २०२५

सौ. वन्सं यांस,
दुर्गाचा सप्रेम नमस्कार वि. वि.

पार्सल पोचलं. आत टेबलक्लॉथ एक, नॅपकिन सहा आणि डिंकाच्या लाडवांचा डबा. पाकिटावर कुरिअरचे एकशे दहा रुपये वाचून डोळे फिरले. परळ ते गिरगाव एकशे दहा! तेवढ्यात मी येऊन, तुमच्याकडचा चहा पिऊन, येताना भाजी घेऊन परतले असते. लाडू चांगले झालेत. पण टेबलक्लॉथ उलगडला आणि तोंडातला लाडू तोंडातच राहिला.

अहो वन्सं, सोबतच्या चिठ्ठीत ठळक लिहिलं होतं ना, की मशीनला लावू नका, नुसतं उन्हात घाला? हळदीला साबण लागला की ती लाल होते, आणि गरम पाण्यात डाग मुरतो. तुम्ही साबणही लावलात आणि वर गरम पाणीही दिलंत. आमच्या सिद्धार्थने सांडलेलं कोलंबीचं कालवण आता विटेच्या रंगाचं दिसतंय. ह्यांच्या चहाचं वर्तुळ मी गार पाण्यात भिजवून अर्धं घालवलं होतं, ते तुमच्याकडून तपकिरी होऊन आलं. सासूबाईंनी डोळे फोडून भरलेला कशिदा तो. तुमच्याच आईच्या हातचा, म्हणून जास्त बोलत नाही.

आमच्या गॅलरीतलं ऊन समोरच्या टॉवरने खाल्लं म्हणून तुमच्याकडे धाडला. तर तुमच्या बाविसाव्या मजल्यावर ऊन ढीगभर, पण सोसायटीचा नियम की बाहेर कपडा दिसता कामा नये. मग त्या उन्हाचं तुम्ही लोक करता तरी काय?

आता लिंबू नि मीठ चोळून खिडकीतल्या वीतभर उन्हात रोज अर्धा तास धरते आहे. हात दुखून येतात. वीस वर्षं मी त्यावर प्लास्टिक घालून ठेवलं, ते केळवणाच्या दिवशी तुमच्या अनुजाने काढायला लावलं. फोटोत चमकतं म्हणे.

एक डाग मात्र नावाला उरला नाही. वैशालीताईंच्या हातून सोलकढीचा पेला कलंडला, तो. त्याला मी वेळेवर पाणी दाखवलं होतं. पण त्या बासुंदी न घेताच उठल्या, हे मला खुपलं. होणाऱ्या विहीणबाईंनी एका पेल्याचं इतकं मनाला लावून घ्यायचं? मी तर चकार शब्द बोलले नाही. चटकन ताटं उचलली, क्लॉथ ओढून न्हाणीतल्या बादलीत टाकला नि उघड्या टेबलावर पुन्हा वाढलं. तेव्हापासून अनुजा माझा फोन उचलत नाही. पत्रिका दाखवायला येणार होती, तीही आली नाही. मामाने भाचीला मांडवात आणायचं म्हणून हे रोज कपाट उघडून कोट बघतात.

फोनवरच विचारलं असतं, पण तुमचा फोन सदा स्पीकरवर. तेव्हा काय बिनसलंय ते कागदावर कळवा. लोभ आहेच, तो मशीनला लावू नका.

आपली,
दुर्गा


परळ,
१३ फेब्रुवारी

सौ. वहिनीस सप्रेम नमस्कार.

पत्र वाचून आधी हसले, मग टेबलावर आपटलं. मशीनचं चुकलं, मान्य. पण वहिनी, तुला डाग दिसतात गं, त्या डागापाशी बसलेलं माणूस दिसत नाही.

जरा आठव. सिद्धार्थने कालवण सांडलं तेव्हा तू काय केलंस? वर चिमूटभर तांदळाचं पीठ टाकलंस, त्याला घोड्या म्हणालीस आणि पुढे वाढत राहिलीस. सगळे हसले, वैशालीताईसुद्धा. दहा मिनिटांनी त्यांचा पेला कलंडला. तेव्हा कुणी हसलं नाही. तू त्यांच्या पुढचं अर्धं जेवलेलं ताट उचललंस, क्लॉथ ओढलास आणि धुवायला पळालीस. बादलीत नळ सोडल्याचा आवाज बाहेर आम्ही सगळ्यांनी ऐकला.

त्या वरळीच्या बीडीडी चाळीत वाढल्या. बाबासाहेबांना मानणारं घर. शिकून मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाल्या. आपल्या घरी पहिल्यांदाच जेवायला बसल्या होत्या. मुलाच्या आणि होणाऱ्या सुनेच्या देखत, त्यांचा हात लागलेलं कापड तू तडक धुवायला नेलंस, आणि स्वतःच्या मुलाने घाण केलेलं तसंच ठेवलं होतंस. त्यांना काय वाटलं असेल ते आता मी फोड करून लिहू?

त्यांच्या हर्षवर्धनने अनुजाला सांगितलं की लग्न नोंदणी कचेरीत होईल, दोन्हीकडचे आईवडील येतील, बाकी कुणी नको. बाकी कुणी म्हणजे दादा आणि तू. अनुजा कात्रीत सापडली आहे. तिकडे सासू तिच्याशी कामापुरतं बोलते, इकडे तुला सांगायची हिंमत नाही. मलाही नव्हती. म्हणूनच तुझा तो क्लॉथ घेऊन बसले आणि रागाने मशीनमध्ये कोंबला.

दादाला अजून कळलेलं नाही. त्याचा कोट आत ठेव, नाहीतर काहीतरी कर.

तुझीच,
सुभद्रा


॥ श्री ॥
गिरगाव,
१७ फेब्रुवारी

सौ. वैशालीताई यांस,
दुर्गाचा सादर नमस्कार वि. वि.

आपला पत्ता वन्संकडून घेतला. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई, लिहिण्यात कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या.

आधी मी तुम्हाला दोन पानं डागांचीच लिहिली होती. हळदीचा डाग लगेच धुतला काय नि उशिरा धुतला काय, उन्हाशिवाय हलत नाही, म्हणून सिद्धार्थच्या वेळी उठले नाही. कोकमाला तत्काळ गार पाणी मिळालं तर तो निघतो, म्हणून तुमच्या वेळी उठले. सगळं खरं आहे. ह्यांना वाचून दाखवलं. ऐकून हे म्हणाले की माहिती बरोबर आहे, पण तुझ्या गुरुमाउलींच्या हातून तो पेला पडला असता, तर त्यांच्या पुढचं ताट उचललं असतंस का?

काल संकष्टी होती, दिवसभर तेवढंच डोक्यात. नसतं उचललं. त्या उठेपर्यंत मी डागाकडे मान वळवली नसती. मग तुमच्या बाबतीत माझा हात कसा चालला? मनात तसं काही नव्हतं, असं देवापुढे बसून म्हणून पाहिलं. वाक्य पुरं होईना. ती दोन पानं फाडली.

भरल्या ताटावरून मी तुम्हाला उठवलं. माझं चुकलं. माफी मागते.

लग्नाला बोलवा म्हणून हे पत्र नाही. मुलांनी ठरवलंय तसं होऊ दे. पण अनुजाला यात धरू नका. ती माझ्यामागे न्हाणीत धावत आली होती. मामी, हे सोड आणि आधी बाहेर चल, म्हणून माझा दंड ओढत होती. मी तिला मीठ आणायला पिटाळलं. पोरीने मीठ आणलं नाही, तिथेच उभी राहून रडली. मी डाग चोळत राहिले. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसणार.

तुमच्या घरी येऊन समोर बसून बोलायची इच्छा आहे. नको म्हणालात तरी वाईट वाटून घेणार नाही.

आपली नम्र,
दुर्गा


वरळी,
२१ फेब्रुवारी

सौ. दुर्गाताई यांना,
सप्रेम जय भीम.

पत्र मिळालं. शाळेत मी पुष्कळ माफीपत्रं वाचली. ज्यात कारणं असायची ती परत लिहायला लावायचे. तुम्ही कारणं लिहिलीत आणि स्वतःच खोडलीत, म्हणून हे ठेवून घेतलं.

राग गेलेला नाही. एका पत्रासरशी तो जावा अशी मला घाई नाही, तुम्हीही करू नका. तो नळाचा आवाज माझ्या आजीने ऐकला, आईने ऐकला. पेन्शनच्या वयात, मुलाच्या केळवणाला तो मलाही ऐकावा लागेल असं वाटलं नव्हतं. घरी येऊन हर्षवर्धनला मी काही म्हटलं नाही. तोच म्हणाला की आई, तू त्या घरात पुन्हा जायचं नाहीस.

अनुजाचं मला खरंच ठाऊक नव्हतं. ती गप्प बसली असं धरून मी तिच्याशी तुटक वागले. ते माझं चुकलं, आज फोन करून तिला सांगितलं. आधी रडली. मग तुम्ही त्या धांदलीत मीठ मागत होतात यावर आम्ही दोघी बराच वेळ हसलो. तुमच्यावरच हसलो, हे लपवत नाही.

लग्नाला कोण येणार ते मुलं ठरवतील. मी त्यांच्याकडे तुमच्यासाठी शब्द टाकणार नाही. पण दोन मार्चच्या रविवारी हर्षवर्धन आणि अनुजा दोघंही इथे जेवायला आहेत. तुमच्या यजमानांना, कमलाकांतरावांना घेऊन या आणि जे मला लिहिलंत ते मुलांसमोर बोला. ऐकून घेतील, पुढचं त्यांच्यावर.

बारा वाजता पानं घेते. एकदा बसलं की सगळ्यांचं आटोपेपर्यंत आमच्याकडे कुणी उठत नाही. पापलेट चालेल की बोंबील, तेवढं उलट टपाली कळवा.

वैशाली