कपाटाचं दुसरं टोक

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी पाचच अंगं पोचती करतो. उरलेली भेटीअंती.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला? फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

आधी एक गंभीर तक्रार. माझी खिडकीजवळची खुर्ची, जिच्यात बसून मी जगाला नावं ठेवत आलो, ती तुझ्या कन्येने ओढून टीव्हीसमोर नेली. तुझी भावजय हे बघत होती आणि तिने फक्त खुर्चीखालचा केर काढला.

कारण आमच्याकडे राहायला आल्यापासून ती ज्या केंद्रात जाते, तिथल्या बाईंनी दोघांनी मिळून खेळायचा एक व्हिडिओ गेम दिला आहे. ऑटिझम असलेल्यांना समोरासमोर बसून गप्पा जड जातात, पण हातात सामाईक काम असलं की बोलणं सोपं होतं, असं बाई म्हणतात. (“हा आजार नाही,” हेही त्यांनी मला दोनदा सांगितलं. दोनदा सांगावं असा माझा चेहरा आहे.) खेळ असा: दोन हमाल, एक कपाट, तीन जिने. एकेकाने एकेक टोक धरायचं. कुणी बटण सोडलं की कपाट गडगडत खाली आणि पुन्हा पहिली पायरी.

तुझी कन्या ग्रंथालयात पुस्तकं लावते, दिवसाला चार वाक्यं बोलते, चारही कामाची. तिला सहकार्य मी शिकवायचं, असं ठरलं होतं. अडचण एवढीच की मला हातवाऱ्यांशिवाय बोलता येत नाही. जिन्याचं तत्त्व समजावताना कपाट गेलं. माफी मागताना गेलं. यापुढे तोंड उघडणार नाही अशी शपथ घेताना तर फारच जोरात गेलं. शेवटी पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, “मामा, बोलायचं की उचलायचं?” आपल्या घराण्यात हा प्रश्न कुणी कुणाला विचारलाच नव्हता. (मोठ्या काकांना तरी विचारायला हवा होता.)

मग नियम तिनेच घातला. वळण आलं की ती “डावं” म्हणणार, मी “धरलं” म्हणायचं, वर एक अक्षर नाही. दोन जिने चढलो! तिसऱ्याच्या तोंडावर तुझा फोन आला. ती माणसांत मिसळते का, फरक पडत नसेल तर रविवारी परत नेते, असं तू सुनावलंस, आणि मी “अजून कुठे गं” म्हणून मोकळा झालो. परत येऊन बघतो तर कपाट जागच्या जागी. मी न सांगता उठलो, तशी तिने माझ्याही टोकाचं बटण दाबून ठेवलं होतं, आणि तुझा फोन म्हणजे काही दोन मिनिटांचा नसतो. अंगठे पांढरे पडले होते. “धरलं,” ती म्हणाली.

तर ताई, माझं ते उत्तर रद्द समज.

तुझा धाकटा

ता. क. रविवारी येऊ नकोस. आमचा तिसरा जिना राहिला आहे.

ता. क. पुन्हा. हे अक्षर तुझ्या भावजयीचं. माझे दोन्ही हात गुंतलेत, हातवारे न करता सांगतो आहे. आत्ता कन्येचा फोन वाजला, केंद्रातली मैत्रीण आहे. “मामा, धर,” म्हणून ती उठली. खिडकीशी, जिथे माझी खुर्ची होती, तिथे उभी राहून बोलते आहे. चार वाक्यं केव्हाच संपली. अंगठे दुखू लागलेत, पण घाई करू नकोस म्हणावं तिला.

धरलं आहे.