नटाला सांगायचं नाही

बाबा,

तुमचा तो इंग्लिश विनोदी दिग्दर्शक मी आता वर्गात शिकवते. पिस्कॅटवेच्या अमेरिकन पोरांना तुमच्यासारखाच सिनेमा पॉज करून दाखवते: बघा, विनोद संपला तरी कॅमेरा हलत नाही, फजिती झालेल्या माणसावर तसाच थांबतो. पार्सिपनीच्या आपल्या बेसमेंटमध्ये तुम्ही हे शंभरदा दाखवलंत. त्याची दुसरी खोड तुम्हाला जास्त प्रिय. प्रसंग विनोदी आहे हे तो नटाला सांगतच नसे.

तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतलं नाटक तुम्ही बसवत होतात. मी सातवीत. मुलगा गेलेल्या आईचं काम मला दिलंत, "सगळ्यात सीरियस सीन तुझा" म्हणालात. मी जीव ओतून पाठ केलं. हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये मी अमेरिकन वळणाच्या मराठीत हंबरडा फोडते आणि काका-काकू हसून लोटपोट होतायत. मी थांबते, विंगेत बघते. तुम्ही पडदा पाडत नाही. मग मी खरंच रडायला लागते आणि हशा वाढतो. गाडीत तुम्ही भलतेच खुशीत. "रडतेस काय वेड्यासारखी? आधी सांगितलं असतं तर ॲक्टिंग केली असतीस!" आईसुद्धा हसली. या पत्रातलं हे असलं मराठी मी पुढे तुमच्यावरच्या रागानं शिकले.

तुमच्या त्या दिग्दर्शकाचा अर्धाच धडा घेतलात तुम्ही. आपल्या प्रत्येक सिनेमात तो स्वतः मिनिटभर येतो, चिखलात लोळतो, थोबाडीत खातो. तुम्ही विंगेतून कधी बाहेर आला नाहीत. पुढे हॉलिवूडनं बोलावल्यावर त्यानंही स्वतः पडद्यावर येणं सोडलं, सिनेमे आपटले आणि शेवटी साबणाच्या जाहिराती करत बसला. वाचून मला फार बरं वाटलं. तुम्ही असतात तर आवर्जून फोन केला असता.

यंदा वेस्ट विंडसरच्या मंडळानं मुलांचं नाटुकलं माझ्याकडे दिलं. तुमचा नातू राजा झाला. त्याचं मराठी तेव्हाच्या माझ्याहून वाईट. तालमीत त्यानं विचारलं, "मॉम, आर दे गोइंग टू लाफ ॲट मी?" मी सगळं सांगितलं: कुठे हसतील, का हसतील, नको असेल तर बदलू. "कूल," म्हणाला. शनिवारी प्रत्येक विनोदाआधी तो थांबला आणि मुद्दाम तोंड वेंगाडलं. कोणी हसलं नाही. टाळ्या मात्र व्यवस्थित पडल्या. तो मजेत होता, घरी येताना मागच्या सीटवर झोपून गेला.

हे पत्र कुठे जाणार नाही तेच बरं. कारण ड्राइव्ह करताना माझ्या मनात सारखं एकच येत होतं: याला सांगायला नको होतं.