ट्रक अंगणात वळला पाहिजे

३ नोव्हेंबर
प्लॉट आपला झाला! जिंतूरच्या बाहेर, परभणी रोडला अगदी लागून. दिवसभरात एकच ब्लाऊज शिवलं, तेही बाही उलटी लागली. डोक्यात नुसता ट्रक. आता ह्यांचा ट्रक थेट दारात. फाट्यावर लावून डिझेल अन् बॅटरी राखत केबिनमध्ये झोपायचं बंद. आठ-आठ दिवसांनी येतात, जेवतात, पांघरूण काखेत मारून परत गाडीकडं. नवरा माझा का ट्रकचा?

६ नोव्हेंबर
सलीम मिस्त्रीनं नकाशा काढला. पुढं बैठक, मागं दोन खोल्या, बाजूला गेट. मी म्हटलं, ट्रक वळंल कुठं? "भाभी, रिव्हर्स घेतील ना."
रिव्हर्स म्हणे! एवढ्या चालत्या रोडवर उलटं निघायचं? गाडीचं तोंड पुढं करून आत यायचं, तोंड करूनच बाहेर पडायचं. ह्यांना फोन लावला. नांदेडला माल उतरवायलेत. "बघ तूच. लय कळायलंय तुला आजकाल." टोमणाच होता. तरी मी खूश.

७ नोव्हेंबर
गोल गळे कापण्यात जन्म गेला, ट्रकचा गोल कापायला किती वेळ? दोरी, खुंटी, चुन्याची फक्की घेऊन प्लॉटवर. फक्कीनं रेघ मारली. ट्रक म्हणून बाज उचलली. पुढं मी, मागं सासूबाई. वळताना त्या रेघ सोडून आतून आतून यायल्या.
"आत्याबाई, रेघेवरून चला की!"
"मी मागचं चाक हाय गं, तू ओढशील तिकडंच येणार!"
हसून हसून बाज खाली ठेवली. रोडवरचे लोक गाड्या थांबवून बघायलेत. बघू दे.

१० नोव्हेंबर
सा.बा. खऱ्या निघाल्या. फोनवर हे म्हणाले, मागची चाकं आत कापतातच, म्हणून गोल मोठा लागतो. परत दोरी, परत फक्की. मस्त ऐसपैस गोल आला, पण निम्मी बैठक त्यात गेली. सा.बा. फुगल्या. "सोयरे आले की टायरवर बसवायचे का?" त्यांचंही खरंच आहे. सगळा जन्म भाड्याच्या एका खोलीत. पाहुणे आले की ह्या ओट्यावर. पण मी काय करू? बैठक मागं सरकवावी तर मागं आधीच दोन खोल्या.

१४ नोव्हेंबर
हे आले! रिकामी गाडी घेऊन थेट प्लॉटवर!! अंगावर काटा आला माझ्या. सा.बा. बैठकीच्या जागेत कमरेवर हात ठेवून उभ्या. "सरक माय, चाकाखाली येशील!" सरकल्या, पण तोंड वाकडं करून.
पहिल्यांदा नाही जमलं. दुसऱ्यांदा एका दमात आख्खा फेरा, एकदाही मागं न घेता, तोंड रोडकडं! मी टाळ्या पिटल्या. सा.बा. सुद्धा हसल्या. मग खाली बघितलं त्यांनी. चाकांची वाट बरोबर बैठकीतून गेलेली.

१५ नोव्हेंबर
मिस्त्री सकाळीच हजर. पाया खोदायचा. हे म्हणाले, "बैठक होऊ दे. मायची हौस हाय. मी गाडी लावत जाईन फाट्यावर. मला सवय हाय."
माझं डोकंच फिरलं. एवढे दिवस उड्या मारल्या त्या कशासाठी? मी मिस्त्रीसमोरच बोलले, "तुमाला असंल सवय. आमाला न्हाई झाली."
हे माझ्याकडं बघतच राहिले. लग्नाला बारा वर्षं झाली, मी असं कधी बोलले नव्हते. मलाच कसंतरी झालं. रडू येतंय का राग, तेही कळंना.
मिस्त्री टिकाव घेऊन उभाच. "खोदू का नको?"
सा.बा. म्हणाल्या, "आज नको. रेघ परत मारून बघू. उद्या ये."