बाबांच्या पायाखालची ओल

२ फेब्रु.
गाडीत डाव्या बाजूचं कार्पेट परत ओलं. बोट लावलं तर चिकट, वास गोडसर. तोच वास. आणि बाबा तर संक्रांतीपासून गाडीत बसलेलेच नाहीत.


३ फेब्रु.
संक्रांतीला दहिसरला ताईकडे गेलो होतो. उतरताना बाबांच्या पायाखाली ओल दिसली. बाबांना शुगर, वय झालेलं, वास गोड. मी शहाण्याने लगेच जुळवलं. भर गेटवर बोललो, "बाबा, सांगायचं तरी ना, गाडी थांबवली असती." ताईचे सासरे समोर, वॉचमन समोर. बाबांनी आपल्या पॅंटकडे बघितलं. खालची मोहरी ओली होती खरी.  वर परतताना मी त्यांच्या सीटवर प्लॅस्टिक अंथरलं.
तेव्हापासून बाबांचं एकच, "मी रिक्षान जातंय."

५ फेब्रु.
कुलंटची, इंजिन थंड ठेवणाऱ्या त्या गोडसर पाण्याची, बाटली तळाला. नीलेशच्या गॅरेजमध्ये दाखवली. हीटर कोर गळतोय. डॅशबोर्डच्या आतला छोटा रेडिएटर. हीटर जन्मात लावला नाही, तरी गरम कुलंट त्यातून फिरतंच. गळलं की थेट डाव्या पायापाशी.
नीलेश हसला. "बोरीवलीत हीटर कोण लावतो यार? दोन पाइप एकमेकांना जोड, कोर राहू दे तसाच."
नको म्हटलं. नवीनच टाकणार, स्वतः. का ते त्याला सांगितलं नाही.
स्मिताला सांगितलं. ती: "आधी बाबांशी बोल, मग पाने काढ." बायकोचं बरोबर असतं तेव्हा जास्त राग येतो.

८ फेब्रु.
सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळपासून. डॅशबोर्ड अर्धा सुटला. दोन क्लिपा तुटल्या, हात सोलवटले. सेक्रेटरी दोनदा येऊन "दुकान उघडलंस काय रे?" विचारून गेले.
दुपारी बाबा खाली आले. "काळोख आसा. बॅटरी धरू काय?"
धरली. गुडघे दुखतात तरी वाकून, नेमकी त्या ओल्या जागेवर. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी काय म्हणालो? "जरा डावीकडे."
लाज वाटते लिहायला.

९ फेब्रु.
जुना कोर निघाला. कडेला शिवण सडलेली, हिरवट खार धरलेला. हातात घेऊन वर गेलो. बाबा पेपर वाचत होते. तसाच परत खाली आलो.
नवीन बसला. एक स्क्रू उरला, कुठला देव जाणे.

१० फेब्रु.
कार्पेट कोरडं. एकही थेंब नाही.
चहाच्या वेळी बोललो. "बाबा, ते गाडीचं होतं. कुलंट गळत होतं. तुमचं काही नव्हतं. चुकलो मी."
बाबांनी कप खाली ठेवला.
"मगे ती गोळी बंद करू काय?"
"कुठली गोळी?"
सदऱ्याच्या खिशातून पट्टी काढली. बरीचशी रिकामी. लघवी आवरायची गोळी. संक्रांतीनंतर नाक्यावरच्या डॉक्टरकडे एकटेच जाऊन आलेले, आम्हाला कळू न देता.
"पण बाबा, डॉक्टरला सांगितलंत तरी काय?"
"तू म्हटलंस ताच सांगलंय."
उद्या दोघं जाणार त्या डॉक्टरकडे. स्मिता म्हणते, तिथे तूच बोलायचं, बाबांना बोलायला लावू नकोस. बरोबर आहे. पण सुरुवात कशी करायची ते अजून सुचलेलं नाही.