दोन मार्चचे कोरे पान

अर्जदार : शेख मुनव्वर शेख चांद,
निवृत्त प्राथमिक शिक्षक व मानद नदीकाठ निरीक्षक, कौंडण्यपूर.
सध्या मुक्काम : एस.टी. स्टँड, अचलपूर.
दि. २४ एप्रिल १९६४

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
नदीकाठ निरीक्षण शाखा, अमरावती.

विषय : नोंदवहीतील दि. २ मार्चचे पान मृग नक्षत्र लागेपर्यंत कोरे ठेवू देणेबाबत.
संदर्भ : आपले कारणे दाखवा पत्र, दि. १३ एप्रिल १९६४.

महोदय,

१. वरील पत्रान्वये आपण विचारले आहे की, दि. २ मार्चचे पान कोरे का, आणि सदर पान दि. ३० एप्रिलपर्यंत भरून का देण्यात येऊ नये. त्याचे उत्तर सविस्तर देत आहे. सविस्तर लिहिण्याची मला खोड आहे, आणि सगळे नुकसान त्या खोडीनेच झाले आहे.

२. आपल्या शाखेने मला सन १९६१ मध्ये बिनपगारी निरीक्षक नेमले. वर्धा नदीच्या काठी घाटापासून बाभुळबनापर्यंतच्या वाळूत सकाळ-संध्याकाळ फिरावे आणि तेथील प्राणी व माणसांची हालचाल वहीत लिहावी, असे काम होते. एक वही, एक पेन्सिल आणि पितळी बिल्ला मिळाला. एकतीस वर्षे शाळेत हजेरी घेतली होती. आता टिटव्यांची, बगळ्यांची आणि कासवांची घेऊ लागलो. धुणे धुणाऱ्या बायासुद्धा सोडल्या नाहीत. हे काम मला मनापासून आवडले, हे येथे नमूद करतो.

३. कासवीण वाळू उकरून अंडी घालते व वरून वाळू अशी सारखी करते की दुसऱ्या दिवशी तिलाही जागा सापडू नये. मी मात्र ती जागा पावलांनी मोजून लिहीत असे. घाटाच्या शेवटच्या पायरीपासून पूर्वेस इतकी, तेथून पाण्याकडे इतकी. पहिली दोन वर्षे बरीच पिले नदीत गेली.

४. जानेवारी १९६३ मध्ये आपला नियम सातवा आला. नोंदींची नक्कल जनतेच्या माहितीसाठी चावडीवर लावावी. मी ती ठळक वळणदार अक्षरात, खाली तांबडी रेघ मारून लावली. त्या वर्षी सतरा घरटी लिहिली आणि सतराही रिकामी निघाली. शेऱ्यात मी 'कोल्ह्यांचा उपद्रव' असे लिहिले. त्यावरून आपण लोखंडी सापळा पाठवला. त्यात पोलीस पाटलांच्या कुत्र्याचा पाय अडकला व पाटील माझ्याशी अद्याप बोलत नाहीत. कोल्हे निर्दोष होते. माझा तो शेरा खोटा ठरला असून तो खोडण्यात यावा.

५. यंदा फेब्रुवारीत मी स्वतः पाहिले. माझा जुना विद्यार्थी देवमन घाटाच्या शेवटच्या पायरीवरून मोजून पावले टाकत निघाला, थांबला, वळला, पुन्हा मोजली आणि खाली बसून उकरू लागला. मी हात धरला. तो लाजला नाही, उलट माझ्या पाया पडला. त्याचे शब्द जसेच्या तसे देत आहे : "मास्तर, तुमचं गनित चुकत नाई. माह्या बापाले जनमभरात चार घरं भेटले असतीन. मले तुमच्या कागदानं यंदाच आठ भेटले. तुमीच त वाचाले शिकवलं." महोदय, त्या वेळेपर्यंत यंदाची घरटी आठच होती.

६. देवमन चोर नाही. त्याची मुलगी शालू, वय सात, दम्याने बेजार आहे. कासवाच्या अंड्याने दमा जातो, असे त्याला कोणी सांगितले आहे. तिने पंचवीस घरट्यांची अंडी खाल्ली, तरी तिची छाती वाजतेच आहे. मी हे त्याला समजावले. तो म्हणाला, "अजून एक खाऊ देऊन पायतो." बुडत्याला काडीचा आधार, त्याला मी काय बोलू?

७. दि. २ मार्च रोजी पहाटे नववे घरटे झाले. ते मी पाहिले. वही उघडली, पेन्सिल टोकदार केली आणि वही मिटली. खोटे मी लिहिणार नाही, खरे लिहिले तर ते चावडीवर लागेल. म्हणून पान कोरे आहे. नियम सातवा स्थगित करावा असे दोन वेळा लिहिले. दोन्ही वेळा 'माहिती दडवू नये' एवढेच उत्तर आले. पान न भरल्यास 'जागांची चांगली माहिती असलेला गावातीलच इसम' माझ्या जागी नेमण्याचे आपण कळवले आहे. तसा इसम गावात एकच आहे, तो देवमन.

८. जागा कागदावर नाही, पण डोक्यातून जात नाही. माझी पत्नी हलीमाबी मला परवा दुपारच्या डुलकीतून उठवून म्हणाली, "तुमी झोपेत पावलं मोजून राहिले. मले बी पाठ झाले." ती सरळ बाई आहे. विहिरीवर कोणी विचारले तर सांगून मोकळी होईल. त्यात काल देवमन शालूला कडेवर घेऊन दारात आला. "मास्तर, एकच सांगा. लपवलं का?" असे त्याने विचारले. विचारलेल्याचे खरे उत्तर द्यावे, हे त्याला दुसरीच्या वर्गात मीच छडी हातात घेऊन शिकवले होते. पोरगी माझ्याकडे बघत होती. "उद्या ये," एवढेच मी म्हणालो.

९. तो उद्या म्हणजे आज. म्हणून आज पहिल्या गाडीने हलीमाबीला व दोन गाठोडी घेऊन मी येथे आलो आहे. पाळतीला नेमलेला मनुष्य पळून आला, हे मला कळते. लाज वाटते. पण त्या वाळूत राखण करण्यासारखे जे एक उरले आहे, ते मी तेथे नसलो तरच वाचेल.

१०. तरी हात जोडून विनंती की, शालूस अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात घेण्याबद्दल आपण शिफारसपत्र द्यावे. तिला खरे औषध मिळाले तर तिचा बाप वाळू उकरणार नाही. तेवढे होईस्तोवर कोरे पान कोरेच राहू द्यावे. मृग लागला की मी परत येईन, सोबत पाठवलेली वही मागून घेईन व ते पान भरीन. पिले सुटली असतील तर त्यांच्या वाटा पाण्याकडे गेलेल्या दिसतील, त्या लिहीन. वाटा नसतील तर 'मनुष्यांची हालचाल' या रकान्यात फक्त माझे नाव लिहीन.

आपला नम्र, आणि सध्या जागेवर नसलेला,
शेख मुनव्वर शेख चांद

सोबत :
(१) पितळी बिल्ला, एक.
(२) नोंदवही, दि. २ मार्चच्या कोऱ्या पानासह.
(३) शालू देवमन, वय सात, हिच्या दुखण्याची हकीकत. या हकीकतीची नक्कल चावडीवर लावण्यास हरकत नाही.